अक्षरे अडतात तेव्हा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत 'ढ' म्हणण्याची पद्धत आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरांनी आपली वळणे बदलली, पण 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची फोड सांगतात. फोड खरी असो वा नसो, शब्द मात्र अंगाला चिकटतो. तो वर्गात लागतो, घरी पोहोचतो आणि पुढे त्या मुलालाही आपले खरे नाव तेच आहे असे वाटू लागते.

आपल्या ख्रिस्ती समाजाला या शब्दाची बोच इतरांहून थोडी अधिक लागते. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा मिशनच्या शाळेत पाटी घेऊन बसले म्हणून आपण आज जे आहोत ते आहोत. आपल्याकडे शाळा ही देवळाच्या शेजारची वास्तू. साहजिकच आपल्या घरातले मूल वाचण्यात अडखळू लागले, की आई-बापांना ते आपल्या कुळाचे अपयश वाटते. मग मूल मार खाते, शिकवण्या लागतात, नवस बोलले जातात. मुळात अडचण कोठे आहे हे पाहायला कोणाला सवड होत नाही.

आम्ही उभयता शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर खडकवासल्याला राहावयास आलो. हे गाव मोठे विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकातले धरण उशाशी, पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा घुमट, अलीकडे १९१६ साली सुरू झालेली जल व विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था. देशभरच्या नद्यांची आणि बंदरांची लहान प्रतिरूपे बनवून पाणी कोठे अडते, गाळ का साचतो, याचा अभ्यास तेथे चालतो. एवढी विद्या ज्या गावाच्या अंगणात नांदते त्याच गावात गवंड्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची, विजापूर-गुलबर्ग्याकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलेही राहतात. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत आले, इमारती वाढल्या आणि ही मुलेही वाढली. संध्याकाळी आमच्या ओटीवर दहा-बारा मुले अभ्यासाला बसतात. त्यांत आपल्या धर्मग्रामातली आहेत, तशी शेजारपाजारचीही आहेत.

त्यांपैकी एका मुलाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आमच्याकडे आला तेव्हा तो सहावीत होता. वडील गवंडी, आई एका भोजनगृहात पोळ्या करते. धरणातून कालव्याला आवर्तन केव्हा सुटते, कोणत्या दारातून पाणी सोडले म्हणजे मुठेला किती फुगवटा येतो, कोणता मासा कोणत्या महिन्यात कडेला येतो, हे सारे त्याला ठाऊक. वडिलांबरोबर जाऊन ओळंबा धरायला तो शिकला होता. विज्ञानाचा धडा त्याला वाचून दाखवला, तर तो असे प्रश्न विचारी, की आम्हांलाच पुन्हा पुस्तक उघडावे लागे. पण तोच धडा त्याच्या हाती दिला की त्याचा चेहरा पालटे. पहिली ओळ संपेस्तोवर त्याला घाम फुटे. 'समजूतदार' हा शब्द तो 'समुद्र' असा वाचून मोकळा होई, कारण पहिल्या अक्षरानंतर तो अंदाजावर चाले. त्याच्या प्रगतिपुस्तकात ओळीने तीन वर्षे एकच शेरा होता : 'बुद्धी आहे, कष्ट नाहीत.'

हा शेरा लिहिणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. साठ-साठ मुलांच्या वर्गात एकेकाचे वाचन ऐकणे किती कठीण असते हे आम्ही जाणतो. परंतु त्या शेऱ्याचा पूर्वार्ध खरा आणि उत्तरार्ध खोटा होता. तो मुलगा इतरांच्या दुप्पट कष्ट करत होता. ते कष्ट कोठे खर्च होत होते, तेवढे कोणाला दिसत नव्हते.

या कोड्याला वैद्यकशास्त्रात सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. १८८७ साली बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला. तो मेंदूला इजा झालेल्या प्रौढांविषयी होता. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, दृष्टी उत्तम, गणितात गती. पण इतकी वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिल्या प्रतीचा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पुढे १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी अशा मुलांच्या पालकांपुढे बोलताना 'अध्ययन अक्षमता' ही व्यापक संज्ञा मांडली, आणि तीच रूढ झाली.

या संज्ञेत मुख्यत्वे तीन गोष्टी येतात. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि अंकगणिताची डिसकॅल्क्युलिया. पुष्कळदा त्या एकमेकींचा हात धरूनच येतात. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता ही निराळी अवस्था असली, तरी तीही कित्येकदा सोबतीला असते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत शाळकरी मुलांपैकी शेकडा ५ ते १५ मुलांना यांपैकी काही ना काही अडचण असते असे म्हटले आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक धर्मशिक्षणाच्या तुकडीत असे एखाद-दुसरे मूल असणारच.

अडचण डोळ्यांची नसते आणि बुद्धीचीही नसते. बोललेला शब्द आपल्या कानी अखंड पडतो. वाचावयाचे तर त्याचे ध्वनी सुटे करावे लागतात आणि एकेका ध्वनीची एकेका चिन्हाशी गाठ मारावी लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ही गाठ दोन-तीन वर्षांत इतकी पक्की होते, की ती आहे हे ध्यानातही राहत नाही. या मुलांची गाठ मात्र पुनःपुन्हा सुटते. अशी मुले वाचत असताना मेंदूच्या डाव्या बाजूचे काही भाग इतरांइतके कामाला लागत नाहीत, असे मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या संशोधकांना दिसून आले आहे. ही गोष्ट घराण्यातही उतरते. आमच्या या विद्यार्थ्याच्या वडिलांनी चौथीत शाळा सोडली होती. का सोडली, हे त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते.

इंग्रजीचे शब्दलेखन लहरी असते, म्हणून तेथे मुले अडतात. आपली देवनागरी बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, तेव्हा आपल्याकडे हा प्रश्न नसावा, असे काहींना वाटते. ते अर्धेच खरे आहे. देवनागरीत ध्वनी आणि चिन्ह यांचे नाते सरळ आहे, पण चिन्हे पुष्कळ आणि त्यांची मांडणी गुंतागुंतीची. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांत एखाद्या रेघेचाच फरक. पहिली वेलांटी उच्चारताना नंतर, पण लिहिताना आधी. एकट्या 'र'ची किती रूपे! 'प्रार्थना' हा आपल्या मुलांच्या कानावर रोज पडणारा शब्द घ्या. त्यात एक 'र' प-च्या पायाशी तिरका होऊन बसला आहे, दुसरा थ-च्या डोक्यावर रफार होऊन. 'ख्रिस्त' हे तर आपल्या तारणाऱ्याचे नाव. त्यात वेलांटी ख-च्याही आधी उभी, मग ख-ला र जोडलेला, त्यापुढे स आणि त यांचे जोडाक्षर. ज्या मुलाच्या ओठांवर हे नाव जन्मापासून आहे, त्याला ते कागदावर ओळखता येऊ नये, यात अश्रद्धा नाही आणि आळसही नाही.

अंकांचीही तीच कथा. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. 'एकोणसाठ' या शब्दात पाच ऐकू येत नाही आणि नऊही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! मराठी भाषा बुडाली असे म्हणण्यापर्यंत मजल गेली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या स्वतः थोर गणिती. लहान मुलांना जोडाक्षरांनी भरलेले संख्यानाम आणि अंकांचा उलटा क्रम जड जातो, म्हणून हा पर्याय, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. त्या वादात कोणाची बाजू बरोबर याचा निवाडा आम्ही करत नाही. पण ज्या मुलांसाठी ती सोय होती, ती मुले त्या गदारोळात कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हती, एवढे मात्र खरे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. वाचता न येणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. आमच्या ओटीवरच घरी कानडी किंवा बंजारा बोलणारी मुले आहेत. त्यांची अडचण परक्या भाषेची आहे. मार्च २०२० नंतर शाळा बंद राहिल्या, तेव्हा ज्यांचे पहिली-दुसरीचे वर्ग कोरडे गेले, त्यांची अडचण शिकवण न मिळण्याची आहे. काहींना चष्मा हवा असतो, काहींना कमी ऐकू येते, आणि काहींच्या घरात इतकी भांडणे असतात की अक्षरांवर चित्त ठरत नाही. नीट शिकवले की यांतली पुष्कळ मुले सहा महिन्यांत पुढे सरकतात. नीट, नियमित आणि मायेने शिकवूनही जे मूल वाचनातच अडून राहते, पण बोलण्यात, समजण्यात, हाताच्या कामात अडत नाही, त्याच्याविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हे निदान शिक्षकाने वा शेजाऱ्याने करावयाचे नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्या चाचण्या असतात आणि त्या साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतर होतात.

याबाबतीत महाराष्ट्राचे पाऊल इतरांच्या पुढे पडले होते. १९९६ साली राज्य शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, भाषा व गणित या विषयांत पर्याय, अशा त्या सवलती. मुंबईच्या शीव रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्राने या कामी फार मोठा भार उचलला. केंद्राचा १९९५ सालचा अपंगांविषयीचा कायदा या मुलांविषयी मूक होता. २०१६ च्या नव्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगतांमध्ये 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' समाविष्ट केली आणि अशी मुले लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने घराघरांत डोळे पुसले गेले. त्यातली शाळा आपल्या पाचगणीची. पण पडद्यावरच्या ईशानसाठी रडणारा बाप घरी येऊन आपल्या मुलाची वही भिरकावतो, हेही आम्ही पाहिले आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या आई-वडिलांपुढे चाचणीची गोष्ट काढली तेव्हा तो आठवीत गेला होता. आई म्हणाली, "बाई, कागदावर तसं आलं म्हणजे जन्माचा शिक्का बसंल का हो?" वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, माझं पोर अपंग न्हाई. भिंत माझ्यापेक्षा सरळ उचलतंय." त्या वाक्यात राग होता, अभिमान होता आणि भीतीही होती. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. प्रमाणपत्र हे दुधारी हत्यार आहे. त्याने जादा वेळ मिळतो, पण चिडवणाऱ्यांना नवे नावही मिळते.

दुसराही एक पेच होता. मुलाला स्थापत्याची पदविका करण्याची इच्छा. गणित सोडून सोपा पर्याय घेतला, तर दहावी सुटेल, पण पुढे त्याला हवे असलेले दार बंद होण्याचा संभव. आमच्या मते सवलतींचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. जादा वेळ आणि लेखनिक ही पायऱ्यांशेजारची उतरण आहे. तिच्यामुळे सर्वजण जातात त्याच खोलीत जाता येते. विषय सोडणे म्हणजे खोलीच बदलणे. काही मुलांना त्याची खरीच गरज असते, आणि त्यांनी ते निःसंकोच करावे. पण शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कोणाच्या मुलाची खोली बदलू नये. हे सारे आम्ही दोघांना समजावून सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला.

तीन आठवड्यांनी वडील एकटेच आले. ओटीवर बसून त्यांनी आपल्या चौथीची हकीकत सांगितली. बाकावर उभे राहून वाचायला लावत, अक्षरे हलत, पोरे हसत. एके दिवशी दप्तर ओढ्यात टाकून ते थेट मामाच्या हाताखाली विटा वाहायला गेले. "माझं गेलं ते गेलं," ते म्हणाले, "त्याचं बघू." दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ते मुलाला घेऊन रुग्णालयात गेले. फेऱ्या चार झाल्या. निदान व्हायचे तेच झाले. जादा वेळ आणि लेखनिक घ्यायचा, गणित सोडायचे नाही, असे घरच्यांनी ठरवले.

चाचणीने आजार बरा होत नाही, कारण हा आजारच नव्हे. शिकवण्याची रीत बदलावी लागते. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी जी पद्धत घालून दिली, तिचे सार साधे आहे : डोळा, कान, जीभ आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावावे. आम्ही परातीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवून घेतो. गिरवताना ध्वनी मोठ्याने म्हणायचा. शब्द टाळ्या वाजवून तोडायचा आणि पुन्हा सांधायचा. एका बैठकीत एकच जोडाक्षर. ओळ वाचताना खाली पट्टी धरायची. रोज वीस मिनिटे, पण रोज. चुकलेला शब्द दहादा लिहून घेण्याची शिक्षा मुळीच नाही. ती शिक्षा म्हणजे लंगडणाऱ्यास दहा फेऱ्या अधिक मारायला लावणे होय. प्रगती मुंगीच्या पावलांनी होते, आणि वाचन मंद राहते ते बहुधा जन्मभर. तरी मूल वाचू लागते.

ख्रिस्तसभेला ही मुले अनोळखी नाहीत. आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांना लॅटिन येईना, म्हणून सेमिनरीतून परत पाठवले होते. फादर बाले यांनी त्यांची बाजू धरली, शिकवणी घेतली, आणि १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आज ते धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. लूर्डच्या बर्नादेतला १८५८ साली पवित्र मरियेचे दर्शन झाले, तेव्हा चौदाव्या वर्षीही तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि फ्रेंचमधली प्रश्नोत्तरे पाठ होत नसल्याने तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादही लांबला होता. या दोघांना अध्ययन अक्षमता होती असे आम्ही म्हणत नाही. व्हियानींचे बालपण राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले, बर्नादेतचे दारिद्र्यात आणि आजारात. दोनशे वर्षांमागच्या माणसांचे निदान करणे हा पोरखेळ ठरेल. पण पाठांतराच्या चाळणीतून खाली पडलेली माणसे देवाने उचलली, हे तर उघड आहे.

आपल्या मराठी मुलखात तर श्रद्धा कानांनीच आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यातल्या सुमारे अकरा हजार ओव्या वाचणारे थोडे आणि ऐकणारे अपार होते. ऐकून जाणणारा ख्रिस्ती हा वाचून जाणणाऱ्याहून कमी प्रतीचा, असे त्या भाविकांना कोणी म्हटले नसेल.

म्हणून आमच्या धर्मबांधवांना काही विनवण्या. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत मुलाला काय समजले आहे हे तोंडी विचारावे, वहीवरून ठरवू नये. मिस्सेतील वाचन एखाद्या मुलावर अचानक लादू नये. त्याने मागितले, तर आठवडाभर आधी पाठ द्यावा. प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार निवृत्त शिक्षक, धर्मभगिनी, महाविद्यालयीन तरुण असतातच. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ एका मुलाशेजारी बसावे. एकाशेजारी, दहांपुढे नव्हे. आणि पालकांनी या मुलाची तुलना त्याच्या भावंडांशी करू नये. मालकाने चाकरांना कमीजास्त रुपये दिले, त्या दाखल्यातला हिशेब प्रत्येकाचा स्वतंत्र झाला होता, हे आपण किती वेळा ऐकले आहे!

आमचा विद्यार्थी आता नववीत आहे. दहावीत काय होईल हे आज सांगता येत नाही. लेखनिक म्हणून कोण बसणार, त्याला भूमितीच्या खुणा नीट लिहिता येतील का, अशा काळज्या आहेतच. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्याचे वडील कामावरून आले, पाय धुतले आणि मुलाच्या शेजारी बसले. मुलाने रव्याची परात त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "आप्पा, 'प्र' असा काढायचा." त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि बोट रव्यावर टेकवले.